मदत हवी आहे : निवेदनात ‘विनंती’ लिहू की ‘मागणी’?

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे. रब्बीची पाणीपाळी आमच्यापर्यंत येईस्तोवर चारीत (शेताकडे येणाऱ्या छोट्या कालव्यात) पाणीच उरत नाही. पाटबंधारे कार्यालयाला निवेदन द्यायचंय. मसुदा माझ्याकडे आहे, पण शब्दांपाशी अडलोय.

‘नम्र विनंती’ लिहिलं की पाणी देणं ही साहेबांची मेहरबानी वाटते. नमुना नं. ७ हा मुळातच पाणी ‘मागणी’ अर्ज आहे, पाणीपट्टीही आम्ही भरतो. म्हणून ‘मागणी करतो’ हेच मला रास्त वाटतं. गावातले जुने लोक म्हणतात, ‘हक्क सांगतो’ असं लिहा. ‘दावा’ म्हटलं की कोर्ट आलं, ‘आग्रह’ पंगतीतला वाटतो, ‘तगादा’ सावकाराचा. आणि पहिल्याच निवेदनात ‘बजावतो’ लिहिलं तर बोलणंच तुटायचं.

शेवटचं वाक्य सध्या असं आहे : ‘टेलच्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचलेच पाहिजे, अशी आमची ठाम मागणी आहे.’ यात ‘ठाम’ आणि ‘च’ दोन्ही ठेवू, की एकानं भागेल? अशी निवेदनं ज्यांनी लिहिलीत त्यांनी कृपया सांगा. सोमवारी द्यायचंय.