अनुभव धागा: काकांवर स्मरणिका काढताना

घरचा धंदा सांभाळणारा, दहा जणांच्या अडीनडीला उभा राहणारा, पुतण्या-भाच्यांचा लाडका काका गेला की घरात एकच सूर निघतो, 'त्यांच्यावर काहीतरी काढू या.' मग महिन्याभरात सगळी गाडी 'दिलदार माणूस' आणि 'आधारवड' यांवर येऊन अडते. असं काम ज्यांनी तडीस नेलंय त्यांनी इथे लिहा. काय विचारायचं, कुठे शोधायचं, किती पानं, कुठे फसतं, असं नेमकं हवं. स्वतःची कहाणी नको, कृती द्या.

टाचणवही

'काका कसे होते?' हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर 'देवमाणूस' असं येतं आणि गप्पा तिथेच संपतात. जागेपासून सुरुवात करा. दुकानात कुठे बसायचे? सकाळी आल्यावर पहिलं काय उघडायचे? गल्ल्याची किल्ली कुठे असायची? फोन कुठल्या कानाला? रागावले की आवाज चढायचा की बंद व्हायचा? हात-पाय आठवले की मागोमाग प्रसंग येतो.

एका वेळी एकच माणूस, फार तर ४० मिनिटं. दोघे एकत्र बसले की मोठा बोलतो आणि धाकटा मान हलवतो. ध्वनिमुद्रण करताना फोन विमान मोडवर ठेवा, बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर, खाली घडी घातलेला रुमाल, म्हणजे टेबलावरची टकटक येत नाही. पंखा बंद. १० सेकंद मुद्रित करून ऐका, मगच पुढे जा. काकूंशी मात्र पहिल्या भेटीत फोन बाहेर काढू नये.

यादीत घरच्यांपेक्षा बाहेरचे जास्त हवेत: जुना हिशेबनीस, माल उतरवणारे, गाडीवाला, शेजारचा दुकानदार आणि जमलं तर त्याच धंद्यातला प्रतिस्पर्धी. प्रतिस्पर्ध्याचं एक बरं वाक्य भाच्याच्या दहा वाक्यांना भारी असतं.

जमाखर्च

दिलदारपणाचा पुरावा वहीत असतो, पण ती वाचता आली पाहिजे. धंदा भावाभावांचा असेल तर आधी बघा, मदतीची रक्कम कोणत्या खात्याला नावे पडली, म्हणजे कुणाच्या खर्चात धरली आहे. पेढीच्या धर्मादाय किंवा किरकोळ खर्चात टाकली असेल तर ती सगळ्या भागीदारांच्या नफ्यातून गेली, म्हणजे दातृत्व सगळ्या घराचं. काकांच्या वैयक्तिक उचल खात्याला नावे असेल तर ती त्यांच्याच वाट्यातून वजा झाली. पहिली गोष्ट दुसरी म्हणून भाषणात सांगितली की पुढच्या रांगेतल्या धाकट्या भावाचा चेहरा उतरतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

दुसरा घोटाळा 'बुडीत' या शब्दाचा. बुडीत खाती लिहिलेली रक्कम म्हणजे सोडून दिलेली रक्कम नव्हे. ती वसूल झाली नाही, एवढाच तिचा अर्थ. फरक ओळखायचा तर त्याच गिऱ्हाइकाचं नाव खतावणीत, म्हणजे प्रत्येकाचं खातं वेगळं लिहिलेल्या वहीत, पुढे शोधा. बुडीत लिहिल्यानंतर त्याच माणसाला पुन्हा उधारीवर माल गेला असेल, तर मालकाने राग धरला नव्हता हे कागदावर दिसतं. खातं तिथेच संपलं असेल तर आपणही तिथेच थांबावं.

पक्क्या वहीत फारसं सापडत नाही. वर्षअखेरीला ती नीटनेटकी लिहिली जाते, त्यात माणूस उरत नाही. कच्ची वही मागा. समजा रकमेपुढे समासात बारीक पेन्सिलीने लिहिलंय, 'घरी आजारपण, मागू नये.' हे चार शब्द आख्ख्या स्मरणिकेला पुरतात. पानाचा फोटो काढताना गिऱ्हाइकाचं नाव पट्टीने झाका, समास तेवढा दिसू द्या.

कामगारांच्या उचलीचं पान लोक सहसा उघडतच नाहीत. उचल दर महिन्याच्या पगारातून कापली जाते. एखाद्या महिन्यात कपातीचा रकाना कोरा असेल तर त्या महिन्यात काय झालं ते विचारा. लग्न, बाळंतपण, मयत, काहीतरी निघतंच.

आणि स्थापनेचं वर्ष. तिघांना विचाराल तर तीन वर्षं सांगतील, कारण एकजण जागा घेतली ते मोजतो, दुसरा नोंदणीचं, तिसरा काका गल्ल्यावर बसले ते. भाडेकरार, नोंदणीचा कागद आणि पहिलं बिलबुक काढा आणि कुठल्या वर्षी काय झालं ते वेगवेगळं लिहा. भांडण मिटतं.

धाकटी पाती

वरच्या प्रतिसादाला जोड. ज्यांना मदत झाली त्यांची नावं रकमेसकट छापणं हा सरळ सरळ गुन्हा समजा. काकांनी गुपचूप दिलं, आपण ते चव्हाट्यावर मांडतो. त्या माणसाला आधी विचारा, 'हो' म्हणाला तरी मजकूर दाखवा, रक्कम गाळा. 'एका मुलीची तीन वर्षांची फी' एवढं पुरे.

पुतण्यांच्या आठवणीत आणखी एक गंमत होते. एकच प्रसंग पाच जण स्वतःवर बेतलेला म्हणून सांगतात. खोटं कोणी बोलत नसतं, ऐकून ऐकून तो आपला झालेला असतो. पाची ठेवू नका. ज्यात वस्तू सर्वांत नेमकी आहे तो ठेवा. 'काकांनी मला सायकल शिकवली' यापेक्षा 'सीटखालचा दांडा धरून पळायचे आणि सोडल्यावरही पायांचा आवाज करत राहायचे' हा घ्या.

छापण्याआधी पहिलं वाचन काकूंचं आणि सख्ख्या मुलांचं. 'आम्हाला बापासारखे होते' असं बारा पुतण्यांनी लिहिलं की सख्ख्या मुलाला ते कसं वाटतं, हे संपादकाच्या ध्यानात सहसा येत नाही.

एक कात्री, एक ब्रश

फोटोंचं थोडक्यात. ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० डीपीआयने ८ बाय १२ इंचांपर्यंत छापता येतो. पासपोर्ट आकाराचा असेल तर १२०० वर घ्या. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो बारीक होतो, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. हे प्रत्येकाला दोनदा सांगावं लागतं.

चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, मागचा कागद सोलून निघतो. दात साफ करायचा दोरा कोपऱ्यातून घालून करवतीसारखा हळू सरकवा. तरी सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करा. धूळ मऊ ब्रशने झटका, ओला कपडा लावू नका. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनची रेघ पुढे उमटते. जुनी छापील बिलं गुळगुळीत थर्मल कागदावर असतील तर लॅमिनेट करू नका, उष्णतेने पूर्ण काळी होतात. लगेच स्कॅन करा.

गटाच्या फोटोत कडेचा अर्धा माणूस कापू नका. ओळख लिहिताना 'डावीकडून' हा शब्द आधी.

माईकसमोर

भाषण ४ मिनिटांचं ठरलं असेल तर ४०० शब्दांच्या वर जाऊ नका. मराठी सावकाश वाचलं की मिनिटाला साधारण ११० शब्द होतात, उरलेला वेळ गळा दाटण्यात जातो. १८ पॉइंटचा टाइप, कागदाच्या एकाच बाजूला, पानांना क्रमांक, स्टेपल नको. वाक्य पानाच्या शेवटी तुटू देऊ नका, पान उलटताना हात थरथरतो. दुसरी प्रत पहिल्या रांगेतल्या एकाच्या खिशात, आवाज गेलाच तर तो पुढचं वाचेल.

जुळारी

मजकूर फोनवर युनिकोडमध्ये येतो आणि काही छापखाने अजून जुन्या फॉन्टमध्ये काम करतात. रूपांतरात रफार उडतो, 'ऱ्या'चा 'र्या' होतो, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. संगणकावर पाहून हे कळत नाही, छापील कच्ची प्रत मागा आणि आडनावं बोट ठेवून वाचा. 'काकांच्या सुऱ्या' या धंद्याच्या वर्णनात 'सुर्या' छापलं तर कोण हा सुर्या, असा प्रश्न पडतो. शक्यतो युनिकोडमध्येच जुळणी करणारा गाठा.

टाचणवही

एक राहिलं. काकांच्या फोनचं सिम घाईने बंद करू नका, ओटीपी त्यावरच येतात. काकांचे आवाजी निरोप चॅटमधून बाहेर काढा. त्या फायली ओपस प्रकारच्या असतात, काही यंत्रांवर वाजत नाहीत. मूळ तशीच ठेवून एमपी३ प्रत करा. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या घरी.

जमाखर्च

फोनवरून आठवलं, हे स्मरणिकेपेक्षा निकडीचं आहे. बँकेला मृत्यू कळवला की खात्यातून ठरलेल्या तारखेला जाणारे पैसे थांबतात. काका कुणाची फी भरत असतील तर त्या मुलाला हे हप्ता चुकल्यावरच कळतं. कळवण्याआधी मागच्या १२ महिन्यांचं विवरण काढा, दर महिन्याला त्याच सुमारास जाणाऱ्या सारख्या रकमांवर खूण करा आणि पुढे त्या कोण भरणार ते घरात ठरवा. रोख जाणारे पैसे त्यात दिसत नाहीत. त्यासाठी डायरीतली अद्याक्षरं आणि हिशेबनिसाची स्मरणशक्ती, एवढंच हाताशी असतं.

जुळारी

मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं ४ च्या पटीतच येतात. ४५ पानांचा मजकूर झाला तर ४८ छापावी लागतात. उरलेली ३ पानं नक्षीने किंवा जाहिरातीने भरू नका. वर 'राहून गेलेलं' एवढंच छापा आणि खाली फिक्या रेघा ओढा. लोक त्यात हाताने लिहितात, म्हणून आतला कागद चकचकीत आर्ट पेपर नको. त्यावर जेल पेनची शाई वाळायच्या आधीच पुसटते. साधा ९० जीएसएम जाडीचा मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा छपाईचा कागद, घ्या.