शब्दचर्चा: 'कायझेन'ला 'सुधारणा' म्हणावं का?

पानगळ
माझ्या संशोधनाचा विषय असा: जपानी कारखान्यांतल्या कायझेन पद्धती (म्हणजे कामाची पद्धत थोडी थोडी सुधारत राहणं), आणि त्या इकडच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत उतरतात तेव्हा त्यांचं काय होतं. कामगारांसाठी मराठी प्रश्नावली केली. मुद्दाम 'कायझेन' न लिहिता सरळ विचारलं, "गेल्या वर्षात तुम्ही कोणती सुधारणा सुचवली?" उत्तरं अशी आली: कॅन्टीनची भाजी सुधारा, बस वेळेवर सोडा, कंत्राटी पोरांना कायम करा. एकाने लिहिलं, "आधी साहेबांनी सुधारावं."

मार्गदर्शक म्हणतात शब्द बदला, 'कायझेन'च लिहा. मला भीती वाटते की मग उत्तरंही भिंतीवरच्या बोर्डावरून उतरवलेली येतील. एखादा नेमका मराठी शब्द आहे का? 'सातत्यपूर्ण सुधारणा' कृपया सुचवू नका. तो बोलताना दम लागतो.

टूलरूमवाला
ताई, मार्गदर्शकांचं ऐका. शॉपवर 'सुधारणा' कुणीच म्हणत नाही. कायझेन म्हणतात, आणि तो नगावर मोजतात. "या महिन्यात किती कायझेन दिले?" "दोन दिले, एक रिजेक्ट झाला." त्याची शीट असते, डावीकडे आधीचा फोटो, उजवीकडे नंतरचा. सुधारणा अशी डझनावर मोजता येईल का? जिशु होझेन (म्हणजे जेएच, आपल्या मशिनची देखभाल आपणच करणं), कोबेत्सु कायझेन (एकेका अडचणीवरची सुधारणा), पोकायोके हे सगळे शब्द दहावी नापास पोरं अस्खलित बोलतात. आमच्यातला एक फिटर तर घरची स्कूटर पुसली तरी "जेएच झालं" म्हणायचा.

स्वभाषा
हेच तर दुखणं आहे. इंग्रजीची गुलामी कमी होती म्हणून आता जपानी! 'नित्यसुधार' म्हणा. चार दिवस कानाला खटकेल, पाचव्या दिवशी रुळेल. 'महापौर' हा शब्दही एकदा नवाच होता.

चहाटळ
"या महिन्यात तीन नित्यसुधार दिले." आवाज कीर्तनकाराचा येतोय.

नागोयाकर
इथे राहतो म्हणून सांगतो. जपानीत 'काइझेन' हा अगदी साधा शब्द आहे. 'काइ' म्हणजे बदलणं, 'झेन' म्हणजे चांगलं. आहार सुधारण्यालाही काइझेन, दोन देशांचे संबंध सुधारण्यालाही काइझेन. युद्धानंतर खेड्यांत सरकारची 'सेइकात्सु काइझेन' म्हणजे राहणीमान सुधारण्याची चळवळ चालली, तिचं गाजलेलं काम चुलीचं होतं. धुराची चूल जाऊन बरी चूल आली, तेही काइझेनच.

आणि पानगळ, तुमच्या कामगारांनी चुकीचं काही लिहिलेलं नाही. इथल्या कामगार संघटनांची जुनी मागणी 'ताइगू काइझेन' अशीच असते, म्हणजे पगार आणि वागणूक सुधारा. कारखान्यातला खास अर्थ वेगळा दाखवायचा असेल तर जपानी लोक हाच शब्द पुष्कळदा काताकानात लिहितात, ज्या लिपीत परदेशी शब्द लिहितात तिच्यात. घरचाच शब्द पाहुण्याचे कपडे घालून परत आला.

मोल्सवर्थचा चाहता
मराठी 'सुधारणा'चीही कुंडली बघण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात तिचा एक अर्थ नागरी संस्कृती असा होता, म्हणून 'सुधारलेली राष्ट्रे'. मग समाजसुधारणा आली, आगरकरांचा 'सुधारक' १८८८ चा. शिवाय तब्येत सुधारते, आवृत्ती सुधारते आणि वाया गेलेला मुलगा सुधारतो. आधी काहीतरी बिघडलंय हा आरोप त्या शब्दात आहेच. "आता तरी सुधार" हे चांगल्या माणसाला कुणी म्हणत नाही. कायझेनमध्ये तो आरोप नाही, बरं चाललेलंही अजून बरं करायचं असतं. म्हणून माझ्या मते हे समानार्थी नव्हेत.

नागोयाकर
आरोप नाही कसा? इथलं सरकार गैरकारभार केलेल्या बँकेला किंवा विमा कंपनीला जो हुकूम बजावतं त्याचं नाव 'ग्योमु काइझेन मेइरेइ', कारभार सुधारण्याचा आदेश. पेपरात ती बातमी आली की कंपनीचे वरिष्ठ कमरेत वाकून माफी मागताना दिसतात. "आता तरी सुधार" हेच ते.

चहाटळ
मी आजवर समजत होतो की ध्यानाला बसणारे झेनवाले आणि हे एकच. आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या स्लाइडवर बुद्धाचं चित्र होतं!

मोल्सवर्थचा चाहता
ते झेन वेगळं, चित्राक्षरही वेगळं. पण त्या दुसऱ्या झेनचं मूळ आपल्याकडचं आहे. संस्कृत ध्यान, पालीत झान, चिनीत चान, जपानीत झेन. आता विषय निघालाच आहे तर, जपानी 'मुदा' म्हणजे वाया जाणारं. संस्कृतात 'मुधा' म्हणजे व्यर्थ. हा योगायोग मला मुळीच वाटत नाही.

नागोयाकर
योगायोगच. वाहक भाषा दाखवा, जुना ग्रंथ दाखवा, मग बोलू. मुदाची आजची अक्षरं नुसत्या उच्चारासाठी चिकटवलेली समजतात, त्यांवरूनही काही काढता येत नाही. संस्कृतशी धागा हवाच असेल तर 'बाका' घ्या. बाका म्हणजे मूर्ख, आणि तो संस्कृत 'मोह'वरून बौद्ध भिक्षूंमार्फत आला हे मत जपानी कोशांतच सापडतं. मतच आहे, निकाल नव्हे.

टूलरूमवाला
बाका निघाला तर पोकायोके सांगायलाच हवं. जपानी इंजिनियर शिगेओ शिंगो यांनी चूक होऊच नये अशी सोय करायचं तंत्र बसवलं. साधी गोष्ट: स्विचमध्ये दोन छोट्या स्प्रिंगा बसवायच्या, कामगार एखादी विसरायचा. आधी दोन्ही बशीत काढून ठेवायच्या, मग बसवायच्या. बशीत एक उरली तर तिथल्या तिथे कळतं. याला सुरुवातीला 'बाकायोके' म्हणत, मूर्खांपासून बचाव. १९६३ मध्ये एका कारखान्यात एक कामगार बाई हे नाव ऐकून रडायला लागली, मी काय मूर्ख आहे का म्हणून. तेव्हा शिंगोंनी नाव बदलून 'पोकायोके' केलं. पोका म्हणजे अनवधानाने झालेली चूक, जपानी पटावरच्या खेळात चुकून पडलेली चाल. माणूस मूर्ख नसतो, हात चुकतो. आमच्याकडे अजूनही "फूलप्रूफ करा" म्हणतात, कुणाला काही वाटत नाही.

स्वभाषा
छान गोष्ट. आणि यातूनच सिद्ध होतं की शब्द जाणीवपूर्वक बदलता येतो. शिंगोंना जमलं ते आपल्याला का जमू नये?

चहाटळ
त्यांनी बाई रडली म्हणून बदलला. तुम्ही बदललात की बाई रडेल.

पानगळ
मंडळी, प्रश्नावली पुढच्या आठवड्यात छापायची आहे.

नागोयाकर
तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं 'कायझेन'च्या बाहेर आहे. १९५० मध्ये टोयोटाचे एइजी तोयोदा अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघून आले. तिथली कामगारांकडून सूचना मागवायची पद्धत टोयोटाने १९५१ मध्ये आपल्याकडे सुरू केली. पण तिच्या नावात काइझेन नाही, 'सोओइ कुफू' आहे. कुफू म्हणजे मराठीत सरळ 'शक्कल'. डोकं चालवून काढलेली युक्ती. काइझेन हा शब्द कारखान्यांत पसरायला एक अमेरिकी अभ्यासक्रमही कारण झाला. युद्धकाळात पर्यवेक्षकांसाठी केलेला टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) अमेरिकी ताब्याच्या काळात जपानात आला. त्यातला कामाची पद्धत सुधारण्याचा जो भाग, त्याचं जपानी नाव 'काइझेन नो शिकाता'. म्हणजे ज्याला आपण अस्सल जपानी मानतो तो या अर्थाने भाषांतरातून बसलेला शब्द. पुढे १९८६ मध्ये मासाकी इमाई यांचं इंग्रजी पुस्तक आलं आणि जगाने तो मूळ रूपात उचलला.

तेव्हा विचारा: "काम सोपं व्हावं म्हणून तुम्ही कोणती शक्कल लढवली?" कॅन्टीनची भाजी येणार नाही.

टूलरूमवाला
हे पटलं बघा. शक्कल फिटरच्या तोंडातला शब्द आहे.

स्वभाषा
शक्कल अरबी आहे. 'शक्ल'.

मोल्सवर्थचा चाहता
अहो, मग 'कारखाना' फारसी, 'पगार' पोर्तुगीज, 'कामगार'मधला 'गार' फारसी. तुमचा नित्यसुधार करायला माणूस कुठून आणणार?

चहाटळ
जुगाड म्हणा ना सरळ!

टूलरूमवाला
नाही म्हणजे नाही. जुगाड म्हणजे तार बांधून मशिन संध्याकाळपर्यंत ओढायचं. कायझेन झाल्यावर कामाची पद्धतच बदलते, कागदावर चढते, दुसऱ्या पाळीतला माणूसही तसंच करतो. टोयोटाच्या ओनो साहेबांचं म्हणणंच होतं, जिथे ठरलेली पद्धत नाही तिथे सुधारणार कशात? ताइइची ओनो खडूने जमिनीवर वर्तुळ काढून नव्या इंजिनियरला त्यात तासन् तास उभं करायचे, नुसतं बघायला. काय वाया जातंय ते दिसेपर्यंत बाहेर यायचं नाही. त्याला गेम्बा म्हणतात.

मोल्सवर्थचा चाहता
गेम्बाला तरी मराठी आहे: स्थळपाहणी. आणि त्याच्या विरुद्धार्थी तर फारच सुंदर आहे, उंटावरून शेळ्या हाकणं.

नागोयाकर
स्थळपाहणी ही क्रिया झाली, गेम्बा ही जागा आहे. टीव्हीवर खून झालेल्या घरासमोर उभा राहून वार्ताहर "गेम्बातून बोलतोय" म्हणतो. तेव्हा 'घटनास्थळ'.

चहाटळ
साहेब घटनास्थळी दाखल. पंचनामा सुरू. आमच्याकडे गेम्बा वॉक अगदी अस्साच होतो.

टूलरूमवाला
हसू नका, खरं आहे. आणि एक विचारतो नागोयाकर, तिकडे हे कायझेन कामाच्या वेळेत करतात का? आमच्याकडे क्यूसी सर्कलची, म्हणजे गुणवत्ता सुधारायला जमणाऱ्या कामगारांच्या गटाची, मीटिंग पाळी सुटल्यावर. वर्षाअखेरीला बक्षीस म्हणून स्टीलचा डबा. माझ्याकडे आता डब्यांची उतरंड आहे.

नागोयाकर
इथेही तो 'स्वेच्छेचा' कार्यक्रम मानला जायचा. मग अतिकामाने मृत्यू आलेल्या एका टोयोटा कामगाराच्या पत्नीने दावा लावला. नागोया जिल्हा न्यायालयाने २००७ मध्ये तिच्या बाजूने निकाल देताना क्यूसी सर्कलचं काम हे कामच आहे असं मानलं. पुढच्या वर्षी टोयोटाने त्या तासांवरची मर्यादा काढून पूर्ण ओव्हरटाइम द्यायचं ठरवलं. त्या काळात इथल्या चर्चेत 'स्वेच्छेने' या शब्दाचाच कीस काढला जात होता.

पानगळ
हे फार महत्त्वाचं आहे. प्रश्नावलीत "ही शक्कल कामाच्या वेळेत लढवली की पाळी सुटल्यावर?" असा प्रश्न वाढवते. मार्गदर्शकांना 'शक्कल' हा शब्द शोधनिबंधात हलका वाटतोय.

स्वभाषा
वाटणारच. म्हणून म्हणतो, नित्यसुधार.

मोल्सवर्थचा चाहता
आणि 'कायझेन' ठेवायचाच असेल तर लेखनाचं काय? मराठीत 'माझा'मधला झ वेगळा, 'माझे'मधला वेगळा. ए आला की आपली जीभ टाळूकडे जाते. छापलेलं 'कायझेन' मराठी माणूस 'माझे'सारखं वाचणार. जपानी उच्चार दंत्य आहे. खाली नुक्ता द्या.

टूलरूमवाला
पस्तीस वर्षं 'माझे'तलाच झे म्हणतोय. आलेल्या जपानी साहेबांना कळायचं.

स्वभाषा
नुक्ता मराठीत नाही. तो उर्दूच्या सोयीसाठी हिंदीत आला.

मोल्सवर्थचा चाहता
मग पाच एसच्या, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीच्या, बोर्डावर शेवटी 'शित्सुके'खाली तुम्ही काय लिहिता? शिस्त. तीही फारसी. जुना एक अर्थ नेम.

चहाटळ
शित्सुके आणि शिस्त! आता हे एकाच मुळातले म्हणू नका.

मोल्सवर्थचा चाहता
मी म्हटलेलं नाही. पण विचार करायला काय हरकत आहे?

नागोयाकर
आहे. खूप हरकत आहे.