ट्रेडवेअर ७०० असूनही टायरचा थर सुटला, तक्रार करून काही होतं का?

हायवेवाली
नमस्कार मंडळी. २०२२ च्या शेवटी गाडीला चारही टायर नवे घातले, त्यावर ट्रेडवेअर ७००, ट्रॅक्शन ए, टेंपरेचर ए असं लिहिलंय. दुकानवाला म्हणालेला ७० हजार मैल बघायला नको. जेमतेम १९ हजार झाले आणि परवा इथे अमेरिकेत इंटरस्टेट हायवेवर ७० च्या स्पीडला सीटखालून धडधड सुरू झाली, मला वाटलं बॅलन्सिंग गेलं असेल, एक्झिट घेऊन उतरून बघते तर मागच्या उजव्या टायरवर पंज्याएवढा फुगवटा आणि कडेला रबर उचकटून आतल्या तारा दिसतायत!! मुलं मागेच बसली होती, अजून अंगावर काटा येतो. कंपनी म्हणते खड्ड्यात आपटला असेल, वॉरंटी नाही, रिकॉलही नाही. मग ए ग्रेडला अर्थ काय? आणि सरकारकडे तक्रार केली तर कोणी बघतं तरी का?

रबरपंडित
ताई सगळे सुखरूप आहात हे आधी महत्त्वाचं. ७०० म्हणजे मैल नाहीत हो. टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळ ४०० मैलांचा ठरलेला रस्ता आहे, त्यावर ७,२०० मैल पळवून टायर किती झिजला ते ज्याचा नंबर १०० धरलाय अशा ठरलेल्या टायरशी ताडून बघतात, म्हणजे तुमचा त्याच्या सातपट टिकावा एवढाच अर्थ, आणि नंबर कंपनी स्वतःच देते त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फार काही कळत नाही. ट्रॅक्शन म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारल्यावरची पकड, एए सगळ्यात वर, पण वळणावरचं किंवा पाण्यावर तरंगण्याचं त्यात काहीच नाही. टेंपरेचर ए म्हणजे ताशी ११५ मैलांच्या वर उष्णता सोसतो, तेही हवा बरोबर असेल आणि लोड जास्त नसेल तर. थर एकमेकांना नीट चिकटलेत का हे तिन्हीतलं एकही ग्रेड सांगत नाही, तुमचं दुखणं नेमकं तिथेच आहे.

जुना_ड्रायव्हर
तक्रार कराच, आजच करा. एनएचटीएसए म्हणजे रस्ते-वाहन सुरक्षा बघणारी सरकारी संस्था, तिच्या वेबसाईटवर होते नाहीतर ८८८-३२७-४२३६ ला फोन लावा. गाडीचा १७ अक्षरी व्हिन (ओळख नंबर) आणि टायरवरचा डीओटीने सुरू होणारा पूर्ण नंबर हाताशी ठेवा. बाहेरच्या बाजूला कधीकधी अर्धाच असतो, मग आतल्या बाजूला टॉर्च मारून बघावं लागतं. शेवटचे चार आकडे म्हणजे कितवा आठवडा आणि कुठलं वर्ष. आणि तो टायर दुकानात टाकून येऊ नका, घरी आणा, फोटो काढा, तोच पुरावा.
ते तुमचे पैसे मिळवून देणार नाहीत हे आधीच सांगतो, तुमच्या आणि कंपनीच्या भांडणात ते पडत नाहीत. पण त्याच टायरच्या तशाच तक्रारी साठल्या तर चौकशी लागते आणि त्यातूनच रिकॉल निघतो. २००० साली फायरस्टोनचे साधारण ६५ लाख टायर परत घ्यावे लागले ते असेच थर सुटून माणसं मेली म्हणून, आणि त्याच वर्षी गाड्या-टायरमधल्या दोषांसाठीचा ट्रेड (TREAD) कायदा आला. प्रत्येकाने माझ्या एकट्याच्या तक्रारीने काय होणार म्हटलं तर त्यांना कळणार कुठून?

नवी_गाडी
मी व्हिन टाकून चेक केलं, माझ्या गाडीवर काही नाही, म्हणजे टायरपण ओके ना?

जुना_ड्रायव्हर
नाही, व्हिनने गाडीचे रिकॉल कळतात. बाहेरून घातलेले टायर वेगळे शोधावे लागतात, ब्रँड आणि मॉडेल टाकून. आणि टायर कंपनीकडे रजिस्टर करा नाहीतर रिकॉल निघाला तरी तुम्हाला पत्र येणार कसं. टायर घेऊन ५ वर्षं व्हायच्या आत रिकॉल निघाला तरच फुकट बदलून मिळतो, त्यामुळे बिलं जपून ठेवा.

हायवेवाली
खूप आभार दोघांचे. नंबर आतल्या बाजूलाच निघाला, शेवटी ०८१९!! म्हणजे मी घेतला तेव्हाच जवळपास पावणेचार वर्षांचा होता आणि मला नवा म्हणून विकला. बाकी तिन्हींवर पण तेच. तक्रार टाकली, फोटोसकट, तक्रारीचा नंबर पण मिळाला. चारही काढून गॅरेजमध्ये ठेवलेत.