अनुभव धागा : दरवर्षी माळ्यावरून उतरणारी सजावट

दिवाळीसाठी गेल्या रविवारी माळा उपसला. तीन खोकी निघाली. एकात प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा, ऊन खाऊन पांढरट पडलेल्या. दुसऱ्यात मोडका आकाशकंदील आणि लाइटच्या माळांचा गुंता. तिसऱ्यात आईनं लग्नानंतर तुळशीबागेतून घेतलेली समई, मण्यांचं तोरण आणि लाकडी चौरंग. पैसे पहिल्या दोन खोक्यांवर जास्त गेलेत आणि लावण्यासारखं सगळं तिसऱ्यात आहे.

आमच्याकडे वर्षानुवर्षं थर्माकोलचं मखर यायचं. विसर्जनानंतर ते मोडायचं काम माझ्याकडे. ते पांढरे दाणे झाडूला चिकटायचे, पंखा लावला की पुन्हा खोलीभर. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, आणि त्या जुलैत गणपतीपुरती सूट द्यायलाही उच्च न्यायालयानं नकार दिला. तेव्हा कुठे आम्ही शोधाशोध सुरू केली. पुठ्ठ्याचं मखर आणलं, ते एका पावसाळ्यात माळ्यावर सादळून वाकलं.

तर लिहा : तुमच्याकडे पाच वर्षांहून जास्त काय टिकलंय, काय फसलं आणि मुख्य म्हणजे ठेवता कुठे? गणपती, गौरी, दिवाळी, नाताळ, काहीही चालेल. ‘आम्ही फक्त फुलं लावतो’ एवढंच लिहून पळू नका.

कोथरूड :
आमचं मखर प्लायवूडचं, तीन फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या. मिटलं की पलंगाखाली सरकतं. ओळखीच्या सुतारानं केलं. हौसेनं वर कमान कापून घेतली आणि तिथेच गंमत झाली. माप घेतलं होतं ११ इंची मूर्तीचं. पुढच्या वर्षी धाकटे दीर मूर्ती ठरवायला गेले आणि १५ इंचांची घेऊन आले. मुकुट कमानीला टेकला. ऐन चतुर्थीच्या सकाळी सासरे कानस घेऊन कमान घासत बसले होते, गुरुजी दारात.

तेव्हापासून मखराच्या आत एक सुतळी बांधून ठेवलीय. एक गाठ उंचीची, दुसरी रुंदीची. मूर्ती ठरवायला जो जाईल त्याच्या खिशात ती सुतळी. आठ वर्षं झाली. रंग एकदाच दिला. मागचा पडदा तेवढा बदलतो, म्हणून येणाऱ्यांना दरवर्षी नवं वाटतं.

सदाशिव पेठ :
पडद्यावरून आठवलं. आम्ही आजीची इरकल नऊवारी मागे लावतो. चुका केल्या त्या सांगते. पहिली, टाचण्या. काठाला भोकं पडली. आता वरच्या बाजूनं सुती पट्टी टाके घालून लावलीय, त्यातून काठी जाते. दुसरी, समई फार जवळ ठेवली, तेलाचा डाग अजून आहे. तिथे हार सोडतो. तिसरी सगळ्यात वाईट. दुसरी एक जरीची साडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात टाकली होती. वर्षानं काढली तर जर काळी आणि घडीवर कापड चिरलेलं. आता मलमलच्या फडक्यात ठेवतो आणि मधे एकदा काढून घडी बदलतो. गौरींसाठी वेगळी सजावट करतच नाही. त्या दोघी त्याच पडद्यापुढे बसतात. मुखवटे पणजीच्या वेळचे, पितळी.

धनकवडी :
पितळ पितळ सगळे म्हणतात. घासतं कोण ते लिहा ना! आमच्याकडे पितळी घंट्यांचं तोरण आहे, ४२ घंट्या. मोजल्यात, कारण घासल्यात. चिंचेचा कोळ आणि मीठ लावलं की दोन मिनिटांत लखलखीत होतं, पण घंटीच्या आतला कोळ नीट धुतला नाही तर आठवड्यात हिरवे डाग. एका दुकानदारानं ‘लॅकर मारून देतो, कायम चकाकेल’ म्हणून पैसे घेतले. वर्षभरात ते ठिकठिकाणी उडालं. खालचं पितळ काळं, बाजूचं चकचकीत, त्वचारोग झाल्यासारखं. सगळं लॅकर काढून पुन्हा चिंच. मुलीला म्हटलं, तुझ्या लग्नात हेच देणार. ती म्हणाली, नको.

नारायण पेठ :
आकाशकंदील. सांगाडा बाबांनी केलेला, बुरुड आळीतून आणलेल्या कामट्यांचा, षट्कोनी. मी शाळेत होतो तेव्हाचा, म्हणजे तिशी पार केलेला. सांगाडा कायम, कागद दरवर्षी नवा. वसुबारसेच्या आदल्या रात्री मैद्याची खळ शिजते, जुना कागद ओल्या फडक्यानं भिजवून सोडवायचा, मग घोटीव कागद. झिरमिळ्या कापायचं काम सगळ्यात लहान मुलाचं. वाकड्या आल्या तरी चालतात, मागच्या बाजूला लावायच्या.

पूर्वी आत ६० वॉटचा बल्ब असायचा आणि एका वर्षी कागद बल्बला टेकून करपला. आता ९ वॉटचा एलईडी, तो तेवढा तापत नाही. एकच शत्रू राहिला, उंदीर. खळ त्यांना आवडते. त्यामुळे तुळशीच्या लग्नानंतर कागद पूर्ण सोलून, सांगाडा पुसूनच वर टाकायचा. बाल्कनीत वर्षभर कंदील तसाच लटकत ठेवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

वडगाव शेरी :
आमच्याकडे नाताळचा गोठा. मूर्ती प्लास्टरच्या, आईच्या माहेरून आलेल्या. दरवर्षी कोणाचं तरी काहीतरी तुटतं. योसेफाचा हात दोनदा चिकटवलाय, गाढवाचा एक कान नाहीच. प्रत्येकाला जुन्या मोज्यात घालून बुटांच्या खोक्यात ठेवते. गवत मात्र ताजं, कारण जुन्यात किडे होतात. चांदणीही तीच, फक्त वायर बदलली.

एका मेंढपाळाचं डोकं उडालं ते सापडलंच नाही. धाकट्यानं शेजारच्या दादाच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा आणून उभा केला, ढाल-तलवारीसकट. पाद्रीबाबा घरी आले, बघितलं, हसले. मग तो तिथेच राहिला. आता सहावं वर्ष. दिवाळीत किल्ल्यावर, डिसेंबरात गोठ्यात. त्याच्या जाण्यायेण्याची आठवण मलाच ठेवावी लागते.

सहकारनगर :
थोडं विरोधात लिहितो. ‘टिकाऊ’ म्हणून आम्ही इतकं घेतलं की आता तेच ठेवायला जागा नाही. लोकरीची तोरणं तीन, कापडी कंदील दोन. एक कंदील पश्चिमेच्या बाल्कनीत लावला, एका मोसमात लालचा गुलाबी झाला. एकदा वापरून फेकण्यापेक्षा बरं, मान्य. पण दरवर्षी नवं ‘टिकाऊ’ घेणं हाही तोच प्रकार आहे. झेंडू आणि आंब्याचे टहाळे मंडईतून आणा, निर्माल्य कलशात टाका, माळा मोकळा. (हो, पळालो नाही, कारण सांगितलं.)

बाणेर :
जागेवर आमचा तोडगा. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गणपती दीड दिवसाचा, आमच्याकडे गौरींबरोबर जाणारा. त्यामुळे एकच मखर चालेल असं वाटलं होतं, पण बसतात दोघांचे एकाच दिवशी. हे खरेदी केल्यावर लक्षात आलं. आता दोन मखरं आहेत, वर्षाआड अदलाबदल करतो. पाहुण्यांना कळत नाही. लाइटच्या माळा पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळते, दोन्ही टोकांना खाच पाडून. आणि आत ठेवण्याआधी लावून बघते. बंद पडलेली माळ वर्षभर सांभाळण्यात काय अर्थ?

कसबा पेठ :
कोथरूडच्या ताईंना एक सूचना. सुतळी भिजली की आखडते, पावसाळ्यात माप चुकेल. शिंप्याची टेप ठेवा.

कोथरूड :
आखडू दे. मूर्ती लहान आली तर कमानीत बसते. दिरांना सांगू नका.