जॅझ बेसचा हम: तांब्याची पट्टी लावायची की पिकअपच बदलायचे?

खर्ज

एकाच कॉइलच्या (सिंगल-कॉइल) पिकअपचा बेस गिटार, जसा फेंडरचा जॅझ बेस, घुमायला लागला, म्हणजे त्यातून हम येऊ लागला, की सल्ला ठरलेला: "आतून कॉपर टेप लाव." माझा या सल्ल्याला विरोध आहे आणि तो मी नीट मांडतो.

पिकअप म्हणजे तारांचं कंपन पकडणारे, चुंबकाभोवतीचे बारीक तारेचे हजारो वेढे. ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर, पंख्याची मोटर, भिंतीतली वायर यांचं चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झने उलटसुलट होत असतं आणि त्या वेढ्यांत व्होल्टेज तयार करतं. हे क्षेत्र तांब्याच्या पातळ पत्र्याला जुमानत नाही. ५० हर्ट्झला तांब्याची स्किन डेप्थ (क्षेत्र धातूत साधारण जितकं खोल शिरतं ते अंतर) ९ मिमीच्या आसपास असते आणि टेपची जाडी मिलिमीटरचे काही शतांश. शिवाय पिकअपचं तोंड तारांकडे उघडंच राहतं.

खरा उपाय एकच, दोन उलट कॉइल, म्हणजे दोघींचा हम एकमेकांना मारतो. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये अशा दोन कॉइलच्या पिकअपच्या, म्हणजे हंबकरच्या, पेटंटसाठी अर्ज केला. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये साध्या सिंगल-कॉइलने आला आणि १९५७ मध्ये त्याला स्प्लिट-कॉइल (दोन अर्ध्या, उलट कॉइलचा) पिकअप मिळाला. १९६० च्या जॅझ बेसला मात्र पुन्हा दोन सिंगल-कॉइल, म्हणून हा प्रश्न आपल्यापर्यंत आला. आज जॅझच्याच मापात स्प्लिट-कॉइल मिळतात. ते बसवा, लाकूड कोरावं लागत नाही.

तांबेपट्टी

असहमत. तुम्ही दोन वेगळे आवाज एकाच नावाखाली घातलेत. खोल, गोल "घूं" हा चुंबकीय हम. "झर्रर्र" असा कर्कश, वरच्या पट्टीतला आवाज म्हणजे बझ. तो विद्युत क्षेत्रातून येतो आणि अर्थ केलेलं तांबं तो नक्की अडवतं. एलईडी डिमर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्त चार्जर यांनी भरलेल्या खोलीत लोक ज्याला हम म्हणतात, त्यात बझचा वाटा मोठा असतो.

पैसे खर्च करण्याआधी या तीन चाचण्या करा:

- दोन्ही व्हॉल्यूम शून्यावर न्या. पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेल्या) जॅझ बेसमध्ये आता दोन्ही पिकअप ग्राउंडला जोडले जाऊन बंद होतात. आवाज तरीही तेवढाच येत असेल तर दोष बहुधा केबल, ॲम्प किंवा वीजजोडणीत आहे, बेस उघडू नका.
- एकच पिकअप चालू ठेवून जागेवर हळूहळू गोल फिरा. आवाज दिशेनुसार कमी-जास्त झाला तर तो चुंबकीय. तिथे तुमचं म्हणणं बरोबर.
- तारांना हात लावा. आवाज ठळकपणे उतरला तर तो बझ, आणि तिथे टेपच हवी.

टेप ५० मिमी रुंद, दोन मीटर पुरते. चिकट बाजू विद्युतवाहक असलेलीच घ्या. साध्या चिकटाची असेल तर दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटूनही जोडलेल्या नसतात, आणि शील्डिंग "काम करत नाही" याचं नेहमीचं कारण हेच. पट्ट्या ५ मिमी एकमेकींवर चढवा, शंका वाटली तर प्रत्येक जोडावर डाखाचा ठिपका द्या. कंट्रोल कॅव्हिटीच्या (नॉबखालच्या खाचेच्या) काठावर टेप थोडी बाहेर दुमडा, म्हणजे वरची धातूची प्लेट तिला टेकेल. दोन्ही पिकअप-खाचांतून एकेक वायर पॉटच्या (नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरच्या) पाठीवर आणा. मग मल्टिमीटरने कोणत्याही दोन ठिकाणांमध्ये मोजा, १ ओहमच्या आत यायला हवं.

एक सावधगिरी: टेप लावून बेस अगदीच मुका झाला तर जॅकची टिप (सिग्नल नेणारं टोक) टेपला टेकते आहे. तिथे इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा.

मंद्र

दोघेही फुकटचा उपाय विसरलात. जॅझचे दोन पिकअप उलट वेढ्यांचे आणि उलट ध्रुवांचे असतात. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवले की हम एकमेकांना खाऊन टाकतो. एक १० वर, दुसरा ८ वर नेला की तो डोकं वर काढतो. "माझा जॅझ घुमतो" म्हणणाऱ्याने आधी नॉब बघावेत.

दोन्ही पूर्ण उघडूनही घुमत असेल तर बहुधा कधीतरी एक पिकअप बदललेला आहे. आवाजावरून निदान होतं. हम आहे आणि सूरही पोकळ, पातळ येतोय? मग एका पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करा, दोन्ही दोष एकदम जातील. हम आहे पण सूर भरदार आहे? मग वायरी उलटवून हम जाईल, पण सूर पातळ होईल. तिथे ध्रुवच उलटे असलेला पिकअप लागतो. वायरी बदलण्याआधी पिकअपचं धातूचं आवरण किंवा तळपट्टी काळ्या वायरीला जोडलेली नाही ना, ते पाहा. असेल तर तो जोड आधी वेगळा करा.

खर्ज

मंद्र, दोन्ही नॉब पूर्ण उघडे म्हणजे एकच आवाज कायमचा. ब्रिजकडचा (तारा बॉडीवर जिथे अडकवलेल्या असतात त्या बाजूचा) एकटा पिकअप, तो नाकातला, बोटांची टोकं ऐकू येणारा सूर, त्यासाठीच तर लोक जॅझ घेतात. उपाय म्हणून तो सूर सोडायला सांगणं मला पटत नाही.

तांबेपट्टी, चाचण्या मान्य. बझ आणि हम वेगळे काढायला हवे होते, ती माझी चूक. पण शुद्ध हमवर तुमच्याकडे उत्तर नाही, हे तुम्हीच लिहिलंत.

सुतार_तंत्री

स्प्लिट-कॉइलच्या बाजूने आणि विरोधात, दोन्ही सांगतो. बाजूने: प्रत्येक तारेखाली अजूनही एकच अरुंद कॉइल असते, त्यामुळे रुंद हंबकरसारखी वरच्या स्वरांची कापाकापी होत नाही. एकावर एक रचलेल्या कॉइलवाल्या प्रकारात खालची कॉइल सूर फारसा देत नाही, रेझिस्टन्स मात्र वाढवते.

विरोधात दोन गोष्टी. पाच तारांच्या बेसवर मधली तार, म्हणजे ए, बरोबर दोन अर्ध्या कॉइलच्या सांध्यावर येते आणि दबते. तिथे कॉइल एकमेकींवर सरकवलेलं डिझाइनच घ्या. दुसरी चूक अनेकजण करतात: पैसे वाचवायला फक्त ब्रिजकडचा बदलतात. नवा पिकअप स्वतःचा हम स्वतःच मारतो, जुन्याचा मारायला आता कोणी उरत नाही, आणि पूर्वी शांत असलेली "दोन्ही उघडे" ही जागाच घुमायला लागते. बदलायचे तर जोडी बदला.

नवा_वादक

नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं उपकरण) लावून किंवा ईक्यूमधून (सूरपट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलमधून) ५० हर्ट्झ कापून भागणार नाही का? बेस उघडण्याची भीती वाटते.

मंद्र

नाही. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा आहे, त्याच्या शेजारचा जी शार्प ५१.९ चा. ५० वर खाच मारली की हे दोन्ही स्वर खचतात. हमचा दुसरा अंश १०० वर, आणि मोकळी जी तार ९८ वर. भारतात हम नेमका आपल्या स्वरांच्या मांडीवर बसलेला असतो. गेट फक्त शांततेत दार लावतं. स्वर चालू असताना हम खाली तसाच राहतो आणि लांब धरलेल्या स्वराची शेपटी कापली जाते.

ओहम

या चर्चेत अर्थिंग कोणीच काढलं नाही, आणि जुन्या इमारतींत सुरुवात तिथूनच व्हायला हवी. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणून मागे अर्थची वायर आहे असं नसतं. फेज-न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास मिळत असतील तर फेज-अर्थमध्येही जवळपास तेवढेच मिळायला हवेत. हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. अर्थ नसेल तर टेप, तारांना ग्राउंडशी जोडणारी ब्रिजची वायर, सगळं शील्डिंग हवेत लोंबकळतं.

हम जातो म्हणून ॲम्पची अर्थ पिन काढू नका. ब्रिजच्या वायरीमुळे तुमचा हात तारांमार्गे थेट ॲम्पच्या चासीला जोडलेला असतो. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर करंट तुमच्यातून जाईल, आणि समोरचा माइक ओठांना टेकला की सर्किट पूर्ण. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) बसवलेला असावा.

लॅपटॉपवर रेकॉर्ड करत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐका. आवाज गेला तर बेसला हात लावण्याची गरजच नाही. आणि ॲम्पपासून दोन पावलं लांब उभे राहा. ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र अंतराच्या घनाने उतरतं, अंतर दुप्पट केलं की ते साधारण आठव्या भागावर येतं.

तांबेपट्टी

ओहम यांना पूर्ण अनुमोदन.

खर्ज, शुद्ध हमवर माझंही उत्तर आहे, फक्त ते टेप नाही: डमी कॉइल. चुंबक नसलेली कॉइल उलट दिशेने सिरीजमध्ये जोडायची. पिकअपएवढीच बनवली तर रेझिस्टन्स दुप्पट होऊन वरचा सूर मंदावतो. पण प्रेरित व्होल्टेज वेढे गुणिले क्षेत्रफळ यावर ठरतं. पिकगार्डखाली वीसपट क्षेत्रफळाचा सपाट वेढा घातला तर वेढे विसाव्या भागाइतकेच लागतात आणि सूर जवळपास अबाधित राहतो. मूळ पिकअप तसेच राहतात, जुन्या वाद्यात हे महत्त्वाचं आहे.

खर्ज

तो वेढा पिकअपच्या प्रतलाला समांतर हवा, आणि जुळवणी वेढे काढत-घालत कानाने करावी लागते. शिवाय एक वेढा एकाच पिकअपपुरता जुळतो. दोन्ही उघडे केले की तो स्विचने बाहेर काढावा लागतो, नाहीतर स्वतःच हम घालतो. पुश-पुल पॉट (ओढला-दाबला की स्विच होणारा नॉब) लावून होतं, पण पहिल्यांदा सोल्डरिंग आयर्न हातात घेणाऱ्याला मी जोडीने स्प्लिट-कॉइलच सुचवेन. नवा_वादक, तुमचा बेस चार तारांचा की पाच? आणि तांबेपट्टींच्या तीन चाचण्यांत काय आलं ते इथे लिहा, मग कोणते घ्यायचे ते सांगतो.