मदत हवी आहे: चूक माझी निघाली, आता ज्येष्ठ ऑपरेटरची माफी कशी मागावी?

नमस्कार.

भोसरी औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्यात मी नऊ वर्षे सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचा ऑपरेटर होतो आणि गेल्या जूनपासून त्याच शॉपमध्ये सुपरवायझर आहे. माझ्या पाळीतील सर्वांत ज्येष्ठ ऑपरेटरना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. मायक्रोमीटर कसा धरायचा, हे मला त्यांनीच शिकवले.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या मशीनवरचे ४२ जॉब (मशीनवर घडवलेले सुटे भाग) अंतिम तपासणीत रिजेक्ट झाले, कारण बोअर, म्हणजे भागातले भोक, ०.०३ मिलिमीटरने मोठा आला होता. मालाची गाडी दारात उभी होती, वरून फोन येत होते आणि त्या भरात मी सगळ्यांसमोर अण्णांना म्हणालो, "न मोजताच जॉब काढता का?" त्यांनी उत्तर दिले नाही, मशीन बंद केले, हात पुसले आणि बाजूला उभे राहिले. दोन दिवसांनी कळले की रात्रपाळीत बोअर गेज (भोक मोजायचे साधन) खाली पडून त्याचा शून्य सरकला होता आणि ते लॉगबुकात कोणीच लिहिले नव्हते. अण्णांनी प्रत्येक जॉब मोजला होता, पण त्या बिघडलेल्या गेजने. पाळीच्या सुरुवातीला गेज ज्या मास्टर रिंगवर (अचूक मापाच्या कड्यावर) तपासायचा, ती रिंग पर्यायी व्यवस्था न करता कॅलिब्रेशनला, म्हणजे तिचीच अचूकता तपासायला, पाठवणारा मीच होतो.

तेव्हापासून अण्णा मला नावाने हाक न मारता 'साहेब' म्हणतात. काम चोख असते, पण दहाच्या चहाला मी गेलो की बोलणे थांबते. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे गेल्या आठवड्यात एका नव्या मुलाने तुटलेले इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराचे बदलता येणारे टोक) खिशात लपवले.

माफी एकट्यात मागावी की सगळ्यांसमोर? आमच्या मॅनेजरांच्या मते सुपरवायझरने माफी मागितली की धाक उरत नाही. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

प्रतिसाद:
मी फोरमन म्हणून निवृत्त झालो. जिथे बोललात तिथेच माफी मागा, मात्र आधी अण्णांच्या कानावर घाला, कारण काही ज्येष्ठांना चारचौघांतली माफीसुद्धा तमाशा वाटते. रिंग मी पाठवली होती, गेज चुकीचा होता, अण्णांची चूक नव्हती, एवढेच बोला. गाडी आणि फोन यांचा उल्लेख नको. धाकाचे म्हणाल, तर तो इन्सर्ट त्या धाकानेच खिशात गेला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सुपरवायझरांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हे प्रशिक्षण सुरू झाले आणि युद्धानंतर ते जपानी कारखान्यांत गेले. कामगारांशी संबंध कसे ठेवावेत, या त्याच्या भागातली पहिलीच पायरी वस्तुस्थिती गोळा करण्याची आहे आणि त्यात संबंधित माणसाशी बोलणे येते. तुम्ही अण्णांना प्रश्न विचारलात खरा, पण तो निकाल होता.

पडलेला गेज किंवा तुटलेले इन्सर्ट लॉगबुकात लिहिणाऱ्याला बोलणी बसणार नाहीत, असे पाळीत जाहीर करा आणि पहिली नोंद तुमच्या रिंगची करा.

धागाकर्ता:
आभारी आहे. रिंगची नोंद आज केली. अण्णा पाळीच्या वीस मिनिटे आधी येतात, त्यामुळे उद्या सायकल स्टँडवरच त्यांना गाठतो. सगळ्यांसमोर नको म्हणाले, तर काय करावे हे पुन्हा इथेच विचारीन.