प्रॅग्मॅटिक्स आणि प्रॅग्मॅटिझम: सख्खी भावंडं की नुसतं आडनाव सारखं?

दादर पूर्व

आजचा धागा भाचीशी झालेल्या भांडणावरून. ती कलिन्याला एमए करते. तिची वही सहज चाळत होतो, तर पहिल्याच पानावर, खाली दोन रेघा मारून: ‘प्रॅग्मॅटिक्स ही प्रॅग्मॅटिझमची भाषाशास्त्रातली शाखा.’ मी म्हटलं, हे खोड. ती म्हणाली, का? त्यात आमटी गार झाली.

ज्यांना हे शब्द नवे असतील त्यांच्यासाठी थोडक्यात. वाक्याचा कोशातला अर्थ एक आणि कोण, कोणाला, कुठे बोललं यावरून निघणारा अर्थ वेगळा. या दुसऱ्या अर्थाचा अभ्यास म्हणजे प्रॅग्मॅटिक्स. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो, घरातले तांदूळ संपले की ‘तांदूळ वाढलेत’ म्हणतो, दुकान बंद करताना ‘वाढवतो’ म्हणतो. कोश उघडून यातलं काही कळणार नाही. प्रॅग्मॅटिझम म्हणजे आपला फलप्रामाण्यवाद. चार्ल्स पर्स, विल्यम जेम्स, जॉन ड्यूई ही अमेरिकन मंडळी. एखाद्या कल्पनेने व्यवहारात काय फरक पडतो, तोच तिचा अर्थ, असं त्यांचं म्हणणं.

आता माझं म्हणणं. दोघांत नाव सोडून फारसं काही सामायिक नाही. आज प्रॅग्मॅटिक्स म्हणून जे शिकवतात त्याचा कणा ऑस्टिन, ग्राइस आणि सर्ल हे तत्त्वज्ञ. पहिले दोघे ऑक्सफर्डचे, तिसरा तिथेच शिकलेला. त्यांनी हे पर्सच्या पायावर उभं केलेलं नाही.

उलट ग्राइस तर विरुद्ध टोकाला जातो. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक काका सहज म्हणाले, ‘या वर्षीचे हिशेब जुळले.’ मागच्या वर्षीचे खजिनदार ताडकन उठले: ‘म्हणजे माझे जुळले नव्हते?’ काका म्हणाले, मी तसं म्हटलंच नाही. आणि खरंच म्हटलं नव्हतं! ‘या वर्षीचे जुळले, गेल्या वर्षीचेही जुळले होते’ असं ते पुढे म्हणू शकले असते, त्यात विसंगती नाही. ग्राइस सांगतो ते हेच. वाक्य खरं की खोटं हा एक हिशेब, त्यातून काय सूचित झालं हा दुसरा. वापर म्हणजेच अर्थ असं सरसकट मानणाऱ्यांना त्याने या फरकानेच अडवलं. जेम्सचा सगळा ओढा मात्र सत्य आणि उपयोग यांतली भिंत पाडण्याकडे. एक भिंत बांधतो, दुसरा पाडतो, आणि यांना एका घरातले म्हणायचं?

अभिधा लक्षणा

हे सगळं आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी झालंय. काव्यशास्त्रकार मम्मटाचं ‘गतोऽस्तमर्कः’ आठवा. ‘सूर्य मावळला’ एवढंच वाक्य. गुराख्याला त्याचा अर्थ ‘गुरं वळवा’, अभिसारिकेला ‘निघायची वेळ झाली’, संध्या करणाऱ्याला आणखी काही. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने ध्वनी, म्हणजे सूचित होणारा अर्थ, सांगितला. ऑक्सफर्डपर्यंत जायची गरजच काय?

शंकेखोर

प्रत्येक धाग्यावर ‘आपल्याकडे होतंच’ हे यायलाच हवं का? :)

बाय द वे, पर्स-ग्राइसचं नातं सख्खं की चुलत, याने नेमका कोणाला काय फरक पडतो? (लिहून झाल्यावर लक्षात आलं की हा प्रश्नच फलप्रामाण्यवादी आहे. असो.)

फोर्टचा वकील

दादर पूर्व, अर्धंच सांगितलंत. ‘प्रॅग्मॅटिक्स’ हा शब्द या अर्थाने रुळवला चार्ल्स मॉरिसने, १९३८ साली. चिन्हाचं चिन्हाशी नातं, चिन्हाचं वस्तूशी नातं आणि चिन्हाचं ते वापरणाऱ्याशी नातं, अशी त्याने तीन खात्यांत वाटणी केली. तिसऱ्या खात्याचं नाव प्रॅग्मॅटिझमवरून घेतलंय, हे त्यानेच तिथे लिहून ठेवलंय. बारसं करणारा स्वतः सांगतोय की आजोबांचं नाव ठेवलं. आपण कोण नाही म्हणणारे?

पण नावाचं जाऊ द्या. मी वकिली करतो, त्याआधी तत्त्वज्ञानात एमए केलं होतं, आणि पर्सचा एक मुद्दा मला रोज डोळ्यांसमोर दिसतो. विधान करणं म्हणजे काय, हे सांगताना तो नोटरीपुढे शपथपत्र करण्याचं उदाहरण देतो. विधान करणारा नुसतं वाक्य उच्चारत नाही. ते खोटं निघालं तर होणाऱ्या परिणामांची जबाबदारी अंगावर घेतो. पर्स वारला १९१४ साली. ऑस्टिनने ‘बोलणं हीच कृती’ हे हार्वर्डला मांडलं १९५५ साली.

परवाचीच गोष्ट. नावातल्या दुरुस्तीसाठी एक गृहस्थ आले. ‘हे आणि ते नाव एकाच व्यक्तीचं, ती व्यक्ती म्हणजे मी’ एवढाच मजकूर. तोंडी त्यांनी हे मला चार वेळा सांगितलं, चहा पीत पीत. टाइप होऊन कागद पुढे आला, ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ इथे बोट थांबलं आणि त्यांनी विचारलं, ‘साहेब, यात पुढे काही लफडं नाही ना?’ मजकूर तोच, माणूस तोच. बदललं काय? अंगावर येणारी जबाबदारी. ‘लिहून देतो’ यातला ‘देतो’ बघा. लिहितो नाही, लिहून देतो. ऑस्टिन मराठी असता तर पहिलं उदाहरण हेच घेतलं असतं.

दादर पूर्व

वकीलसाहेब, उदाहरण झकास. पण आधी कोणी म्हटलं म्हणून पुढचा त्याचा वारस ठरत नाही. ऑस्टिन तिथे स्वतःच्या वाटेने पोचला.

आणि आता कोणीतरी सांगेलच की ऑस्टिनची १९५५ ची आणि ग्राइसची १९६७ ची, दोन्ही भाषणं ‘विल्यम जेम्स व्याख्यानमाले’तली आहेत. शिवाजी पार्कवर सभा घेणारा प्रत्येक जण मावळा होत नाही.

शंकेखोर

मावळा 😂

विरार फास्ट

मी तुमच्याइतकं वाचलेलं नाही, पण रोज दीड तास लेडीज डब्यात उभी असते. तिथे चालतं ते सांगते.

दाराकडे सरकताना पुढच्या बाईला आपण एकच शब्द विचारतो: ‘अंधेरी?’ ती ‘हो’ म्हणाली तर तिच्या मागे उभं राहायचं. ‘चर्चगेट’ म्हणाली तर ती कूस बदलते, आपण पुढे जातो. मागच्या महिन्यात नवीन नोकरीला लागलेली एक मुलगी दाराजवळ होती. मी विचारलं, ‘अंधेरी?’ तिने कानातलं काढलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, ‘मी कुठे उतरणार ते तुम्हाला कशाला?’ शेजारची मासळीवाली मावशी हसत म्हणाली, ‘बाय माझे, ती तुझा पत्ता नाय विचारत, वाट मागते.’

मुलीला शब्द कळला होता, आवाजातला प्रश्नही कळला होता. कळलं नव्हतं ते हे की त्यावर करायचं काय. आता तीच मुलगी वसईपासूनच ‘अंधेरी? अंधेरी?’ करत येते. मला तर वाटतं अर्थ म्हणजे हे ‘काय करायचं’च. मग तुमचे ते अमेरिकन आणि हे ऑक्सफर्डवाले वेगळं काय सांगतायत?

फोर्टचा वकील

ताई, तुम्ही पर्स न वाचता पर्स सांगितलात. चिन्हाचा अर्थ उलगडत उलगडत शेवटी कुठे टेकतो? त्याचं उत्तर: सवयीत. दुसऱ्या शब्दात नाही, दुसऱ्या व्याख्येत नाही, वागायच्या सवयीत. त्या मुलीला ‘अंधेरी?’चा अर्थ कळला, म्हणजे तिला ती सवय लागली.

दादर पूर्व

ताई, किस्सा भारी. पण त्या मुलीचं काय चुकलं हे ग्राइस पर्सशिवाय सांगतो. अनोळखी बाई गर्दीत दाराशी असं का विचारेल, याचा अंदाज ऐकणारा बांधतो. मुलीने तो बांधला नाही. विषय संपला.

फोर्टचा वकील

संपला कसा? तुम्ही रोज अंदाज बांधता का? पहिल्या आठवड्यात बांधला असेल. वीस वर्षं लोकलने जाणारा माणूस अंदाज बांधत नाही, खांदा वळवतो. तर्काची जागा सवय कशी घेते, हे ग्राइसकडे नीट सापडत नाही.

दादर पूर्व

हा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे.

अभिधा लक्षणा

मघाशी माझी चेष्टा झाली, पण मी एक नेमका फरक दाखवतो. व्यंजना, म्हणजे शब्दाची अर्थ सुचवण्याची शक्ती, ही प्रॅग्मॅटिक्सच्या जवळची, मान्य. फलप्रामाण्यवादाच्या जवळचं आपल्याकडे काही असेल तर ते काव्यशास्त्रात नाही, प्रमाणशास्त्रात (ज्ञान खरं कसं ठरतं याच्या शास्त्रात) आहे. दूर पाणी दिसलं. ते पाणी की मृगजळ? जाऊन प्यायलो, तहान भागली, तर ज्ञान खरं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, याला प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात. बौद्ध धर्मकीर्तीचा अर्थक्रियेचा (वस्तूने काम साधून देण्याचा) विचारही याच अंगाचा.

पण नैयायिक चतुर होते. तहान भागणं ही सत्याची *परीक्षा*, सत्याची *व्याख्या* नव्हे. ज्ञान खरं असतं ते वस्तू तशी आहे म्हणून. तहान भागल्याने ते आपल्याला कळतं, इतकंच. जेम्सचा पाय इथेच घसरतो. आणि म्हणूनच आपल्याकडे ही दोन खाती वेगळी राहिली. व्यंजनेचा विचार करणाऱ्याला प्रवृत्तिसामर्थ्याची गरज पडली नाही. थोडक्यात, माझं मत दादर पूर्व यांच्या बाजूने.

दादर पूर्व

धन्यवाद! आनंदवर्धनाकडून मदत येईल असं वाटलं नव्हतं.

शंकेखोर

मला एक खार आठवली. जेम्सच्या १९०७ च्या पुस्तकात आहे. झाडाच्या बुंध्याला खार चिकटलीय. माणूस झाडाला फेरी मारतो, पण खारही बुंध्यावरून तशीच सरकते, तोंड कायम त्याच्याकडे. माणूस झाडाभोवती फिरला, पण खारीभोवती फिरला का? यावर सहलीला आलेली मंडळी भांडत बसली होती. जेम्स म्हणाला, ‘भोवती’ म्हणजे तिच्या उत्तरेला, पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला असेल तर फिरला. तिच्या पुढे, उजवीकडे, मागे, डावीकडे असेल तर नाही फिरला.

इथेही तेच चाललंय. ‘संबंध’ म्हणजे कोणी कोणाकडून घेतलं असं असेल तर दादर पूर्व बरोबर. एकाच प्रश्नाला भिडलेत असं असेल तर वकील बरोबर. बाकी पर्सला जेम्सचं हे सगळं पटलं नव्हतंच. १९०५ मध्ये त्याने आपल्या मताचं नाव बदलून ‘प्रॅग्मॅटिसिझम’ केलं, इतकं कुरूप की कोणी पळवू नये, असं म्हणत. आपल्याकडे पोर जगावं म्हणून धोंडू नाव ठेवायचे, तसं.

वहीची मालकीण

नमस्कार. मी ती भाची.

मामा, तू वहीचं पहिलं पान वाचलंस, दुसरं नाही. तिथे मीड आहे. मॉरिस शिकागोला जॉर्ज हर्बर्ट मीडच्या हाताखाली शिकला, आणि मीडचं सांगणं असं की एकाच्या हावभावाचा अर्थ समोरच्याच्या प्रतिसादात असतो. म्हणजे शंकेखोर यांच्या पहिल्या अर्थानेही, निदान मॉरिसपुरता, गुरु-शिष्याचा सरळ धागा आहे. ऑस्टिनकडे तो जात नाही, हे मान्य.

दुसरं, अभिधा लक्षणा यांच्या पाण्याबद्दल. तहान भागली की झालं, हे चवदार तळ्याला लावून बघा. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते, ड्यूई त्यांचे शिक्षक. त्या ऋणाचा उल्लेख त्यांनी ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’मध्ये केलाय. २० मार्च १९२७ ला महाडला ते तळ्याचं पाणी प्यायले. त्याच वर्षी २५ डिसेंबरच्या भाषणात त्यांनी सांगितलं की आपण तळ्यावर जातोय ते नुसतं पाणी प्यायला नाही; इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला. तिथे ओंजळीचा अर्थ काय? तहान हे फळ नव्हतंच. ती ओंजळ एक विधान होतं, वकीलसाहेब म्हणतात तसं, परिणाम अंगावर घेऊन केलेलं. आणि परिणाम झालेही: लोकांना मारहाण झाली, तळं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं. विरोध करणाऱ्यांना त्या कृतीचा अर्थ अगदी बरोबर कळला होता.

आता हे उदाहरण कुठल्या खात्यात टाकू? प्रॅग्मॅटिक्सच्या पेपरात की फलप्रामाण्यवादाच्या? मला ते दोन्हीकडे लागतं, म्हणून ती ओळ लिहिली.

अभिधा लक्षणा

माझ्या उदाहरणात तहान सगळ्यांची सारखी आणि तळं सगळ्यांना खुलं, हे मी गृहीतच धरलं होतं. ते मागे घेतो. परीक्षा आणि व्याख्या यांतला फरक मात्र सोडत नाही.

विरार फास्ट

पोरी, शाबास.

दादर पूर्व

उत्तर चांगलं आहे. तरी ‘शाखा’ हा शब्द चूकच. शाखा म्हटलं की खोडातून फुटलेली. इथे दोन झाडं आहेत आणि मॉरिसने एकाची फांदी आणून दुसऱ्याला बांधलीय. कलम म्हण हवं तर. ओळ राहू दे, शब्द बदल.

वहीची मालकीण

बघते.

दादर पूर्व

‘बघते’ म्हणजे बदलणार की नाही?

वहीची मालकीण

उद्या सबमिशन आहे, मामा. आमटी पुन्हा गरम करून ठेवलीय. येते.